पोराचे केस बघून नाव कापतेत का?

निवड चाचण्या सुरू झाल्या की लातूरला माझ्याकडं हा प्रश्न हमखास येतो. मागं अहमदपूरकडचे एक वडील आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), पोरगा अकरावीला, कबड्डीत रेडर. "मॅडम, लेकरू खेळात एक नंबर हाय, पण ट्रायलला गेलं की यादीत नाव नाही. केस असले रंगवलेत, त्यामुळं कापतेत का ओ नाव?"

नुसत्या केसांमुळं कापत नसावेत, पण केसांचा काहीच संबंध नाही असंही नाही. ग्राउंडवर एवढी पोरं, निवड समितीवाले सर एकेकाचं बघून बघून बघणार किती, दोन-चार रेड, त्यात सोनेरी डोकं लांबूनच नजरेत भरतं अन् मग त्यानं पुढं जे काही केलं ते लक्षात राहतं, चांगलंही अन् वाईटही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० सालीच लिहून ठेवलंय की सैन्यातले अधिकारी ज्याला शरीरयष्टीला जास्त गुण देत त्यालाच हुशारीला अन् स्वभावालाही देत. (आपण तरी मुलगी बघायला गेल्यावर काय वेगळं करतो?)

पोराच्या मोबाईलमध्ये एका मॅचचा व्हिडिओ होता, तो आम्ही तिघांनी बसून बघितला. रेड झकास. पण बोनस दिला नाही म्हणून हा पंचांशी हुज्जत घालतो, ग्रीन कार्ड, म्हणजे ताकीद, मिळतं, पुढच्या रेडला आउट झाल्यावर पाण्याची बाटली आपटून मॅटकडं पाठ करून बसतो. तेवढ्यात जोडीदार पॉइंट आणतो, म्हणजे आउट झालेला एक जण परत आत, नंबर ह्याचाच, अन् ह्याला पत्ताच नाही, शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा उठला. तिथं मी व्हिडिओ थांबवला. पोरगं बराच वेळ गप्प, मग म्हणलं, "आमचे सर पण हेच म्हणले होते."

मग केस राहू दे म्हणलं, आधी हे बघू. आउट झालं की तोंड मॅटकडं, आपला नंबर कधी येतो त्यावर लक्ष, पंचांशी बोलायचं ते कॅप्टन बोलेल. कबड्डीत मॅचआधी नखं बघतात, तिथंही हा तोंड वाकडं करायचा, ते बंद. वडील नवे महागडे बूट घ्यायला निघाले होते, त्यांना थांबवलं, धुतलेली जर्सी बास आहे.

एका गोष्टीत मात्र मी कडक बोलले. त्याला दंडावर टॅटू काढायचा होता अन् स्वप्न सैन्याचं, आष्टीच्या मांडव्याचा, सैन्यातला धावपटू अविनाश साबळे आपल्या पोरांचा हिरोच आहे. सैन्यभरतीत टॅटू चालतो तो कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत अन् तळहाताच्या मागच्या बाजूला, आदिवासी उमेदवारांना सवलत आहे, बाकीच्यांचं मेडिकलला अडकतं. केसांचा रंग दोन कटिंगमध्ये जातो, दंडावरचं जात नाही.

पुढच्या ट्रायलला त्याचं नाव राखीव खेळाडूंत आलं. थेट संघात नाही, पण यादीत आलं.

राहिले वडील. व्हिडिओत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक आवाज होता, "पंच विकलाय रे!" तो ह्यांचाच. निवडणाऱ्यांना तोही ऐकू जातो. म्हणाले, "मग मॅचला येऊच नको का?" म्हणलं या की, पण लाइनीपासून लांब, चहाच्या टपरीपाशी उभं राहून बघा.