१८१२ साली अमेरिकेने ब्रिटनशी पुन्हा युद्ध का केले?

स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब होऊन तीस वर्षेही झाली नव्हती, तरी अमेरिकेने १८ जून १८१२ रोजी ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, आणि त्याचे मुख्य कारण समुद्रावर होते. नेपोलियनशी झुंजणारे ब्रिटिश आरमार अमेरिकी व्यापारी जहाजे भर समुद्रात अडवी, त्यांवरील खलाशांना पळून आलेले ब्रिटिश ठरवून बळजबरीने आपल्या चाकरीत घेई. शिवाय फ्रान्सशी चालणाऱ्या व्यापारावर लंडनने निर्बंध लादले होते. गंमत अशी, की हे निर्बंध युद्धघोषणेनंतर अवघ्या पाच दिवसांत, तिची बातमी लंडनला पोहोचण्यापूर्वीच, उठवले गेले. पश्चिम सीमेवरील मूळ रहिवाशांना ब्रिटिशांची फूस आहे हा संशय आणि तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेला कॅनडा बळकावण्याची हाव हीदेखील कारणे होतीच. कॅनडावरील स्वारी मात्र फसली. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिश फौज वॉशिंग्टनमध्ये शिरली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या निवासस्थानी जेवणाचे टेबल मांडून तयार होते. अधिकाऱ्यांनी आधी त्यावर ताव मारला आणि मग ती वास्तू पेटवून दिली. २४ डिसेंबर १८१४ रोजी आजच्या बेल्जियममधील घेंट येथे झालेल्या तहाने सीमा पूर्ववत केल्या, पण ज्यावरून एवढे रण माजले त्या खलाशांच्या सक्तीच्या भरतीबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.