प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : वैद्य निवडताना

प्रश्न : आईचं वय ६२. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. आता आयुर्वेदाचं औषध घ्यावं असं घरात ठरलं आहे. तिघांची नावं पुढे आली आहेत : एक बी.ए.एम.एस. वैद्य, एक ‘आयुर्वेदरत्न’ आणि एक निसर्गोपचारवाले, ज्यांच्या पाटीवर बी.ई.एम.एस. लिहिलं आहे. कोणाकडे जावं?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : तिघांपैकी पहिल्यांकडे जा. पण त्यांचीही नोंदणी आधी बघून घ्या.

बी.ए.एम.एस. हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शेवटचं वर्ष रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचं असतं. त्यानंतर महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे नोंदणी होते. होमिओपॅथीसाठी पदवी बी.एच.एम.एस. आणि परिषद वेगळी. नोंदणी क्रमांक केसपेपरवर छापलेला असतो किंवा प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. तो क्रमांक टिपून घ्या आणि नोंदणी त्याच नावावर आहे का, आजही चालू आहे का, हे परिषदेकडे विचारा. क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याचं औषध घेऊ नका.

‘आयुर्वेदरत्न’ आणि ‘वैद्यविशारद’ या प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या परीक्षा. त्यांना १९६७ पर्यंतच मान्यता होती. त्याआधी उत्तीर्ण झालेला माणूस आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे असणार. तुमचे ‘आयुर्वेदरत्न’ चाळिशीतले असतील तर त्या अक्षरांना काही अर्थ नाही. बी.ई.एम.एस. ही इलेक्ट्रो-होमिओपॅथी नावाच्या उपचारपद्धतीची पदवी म्हणून लावतात. तिला मान्यता नाही आणि तिचा निसर्गोपचाराशी संबंधही नाही. निसर्गोपचाराची रीतसर पदवी बी.एन.वाय.एस., तीही साडेपाच वर्षांची.

आता पहिली भेट. आईच्या चालू गोळ्या पाकिटासकट आणि शेवटचे रिपोर्ट सोबत न्या. नाडी बघून भागत नाही. भूक, झोप, पोट साफ होणं यांची चौकशी व्हायला हवी, गुडघा हाताने चाचपून सूज, ऊब आणि वाकवताना होणारी करकर बघितली जायला हवी, आणि चालू गोळ्या कोणत्या हे त्यांनी स्वतःहून विचारायला हवं. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ज्येष्ठमध बरेच दिवस पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. गुडमार, कारलं, जांभळाच्या बिया साखरेच्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर साखर एकदम खाली येऊ शकते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. असं काही द्यायचं ठरलं तर पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा साखर तपासा. आणि ‘इंग्रजी गोळ्या आजपासून बंद’ असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. गोळ्या कमी करायच्या असतील तर ज्यांनी त्या दिल्या त्यांच्याकडूनच करून घ्यायच्या.

औषधाचं पूर्ण नाव लिहून घ्या, कारण दोन अक्षरांनीही फरक पडतो. ‘योगराज गुग्गुळ’ वनस्पतींचा आहे. ‘महायोगराज गुग्गुळ’मध्ये नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म आणि रससिंदूर म्हणजे पाऱ्याचं औषध असतं. केसपेपरवर नुसतं ‘गुग्गुळ २-२’ लिहिलेलं असेल तर आई काय गिळते आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. भस्म किंवा रसौषधी (पारा घालून केलेलं औषध) देणार असतील तर किती दिवस हे विचारा. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी करून घ्या, आणि औषध लांबलं तर पुन्हा करा. वनस्पती म्हणजे निर्धोक असंही समजू नका. करोनाकाळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता : दुसरीच सारखी दिसणारी वेल वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. पण घरच्या कुंपणावरची वेल ओळखण्यात नेमकी हीच चूक होऊ शकते.

निघताना एक प्रश्न जरूर विचारा : ‘किती दिवसांत काय फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर पुढे काय?’ सहा आठवडे ही गुडघ्यासाठी रास्त मुदत आहे. वहीत रोज तीन गोष्टी लिहा : रात्रीचं दुखणं शून्य ते दहात किती, न थांबता किती मिनिटं चालता आलं, खुर्चीतून हात न टेकता उठता आलं का. सहा आठवड्यांनी वही वैद्यांपुढे ठेवा.

प्रश्न : वडील दोन महिने सांधेदुखीची पुडी घेत आहेत. बाजाराच्या दिवशी एकजण गाडीवर येऊन देतो. तिसऱ्या दिवशीच दुखणं गेलं, भूक वाढली. आता चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि साखर २४० निघाली, पूर्वी कधी नव्हती. पुडी आजच बंद करू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : परस्पर एकदम बंद करू नका. आजच, फार तर उद्या, फिजिशियनकडे न्या.

दोन-तीन दिवसांत पळालेलं दुखणं, वाढलेली भूक, गोल झालेला चेहरा आणि चढलेली साखर : या चार गोष्टी एकत्र आल्या की पुडीत स्टिरॉइड मिसळलं असण्याची शंका घ्यावीच लागते. झाडपाल्याचं औषध इतक्या झटपट आणि असं काम करत नाही. हातावर जरा लागलं तरी काळेनिळे डाग उठतात का, तेही बघा.

धोका बंद करण्यातही आहे. तीन आठवड्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड पोटात गेलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. बाहेरचा पुरवठा अचानक तुटला की उलट्या, भोवळ, रक्तदाब घसरणं, कधी शुद्ध हरपणं. डॉक्टर सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतील आणि गरज असेल तर माहीत असलेल्या मात्रेची गोळी सुरू करून ती हळूहळू उतरवतील. उलट्या, भोवळ असं काही लक्षण दिसलं तर थेट रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, ‘दोन महिने स्टिरॉइडची शंका असलेली पुडी चालू होती.’ हे एक वाक्य ऐकल्यावर डॉक्टर सुईतून काय द्यायचं ते लगेच ठरवू शकतात.

उरलेल्या पुड्या फेकू नका. डॉक्टरांकडे न्या आणि त्यातल्या निम्म्या पुड्या पाकिटात बंद करून, तारीख नि विकत घेतल्याची जागा लिहून, जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत द्या. विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर घटक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असावी लागते. वैद्याने स्वतः बनवून स्वतःच्याच रुग्णाला दिलेल्या औषधाला परवान्याची अट नाही, ती परंपरा कायद्यानेही जपली आहे. पण गाडीवरचा विक्रेता त्यात येत नाही. आणि वैद्याच्या हातची पुडी असली तरी आत काय आहे हे लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : भाच्याला कावीळ झाली आहे. गावात एकजण कावीळ उतरवतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळंजर्द होतं. तीन रविवार जायचं आहे. यात अपाय तर नाही ना?
– एक वाचक, पालघर

उत्तर : पाण्यात अपाय नाही. तीन रविवार वाट बघण्यात आहे.

हात धुण्याआधी ते तळहाताला काही चोळतात का, ते बघा. आंब्याच्या सालीचा रस लावलेले हात चुन्याच्या निवळीत घातले की पाणी पिवळं होतं. निरोगी माणसाने तसंच केलं तरी होतं. खात्री करायची असेल तर आपल्या घरची निवळी, आपलं भांडं न्या, हात साबणाने धुवा आणि मग बघा. काविळीतलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तळहातातून बाहेर येत नाही, ते लघवी आणि शौचावाटे जातं. नाकात कडू फळाचे थेंब घालून पिवळं पाणी काढतात, ते पाणी चुरचुरलेल्या नाकाच्या आतल्या त्वचेचं असतं.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्याचं श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. पण प्रत्येक कावीळ तशी नसते. बिलिरुबिन, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि रक्त गोठण्याची तपासणी (प्रोथ्रॉम्बिन टाइम) याच आठवड्यात करा. मातीच्या रंगाची शौच आणि अंगभर खाज असेल तर पित्तनलिका अडलेली असू शकते, सोनोग्राफी लागेल. भाचा असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर तास मोजत बसू नका. घरात कोणी गरोदर असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस-ई ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जीव घेऊ शकते.

प्रश्न : सात दिवसांच्या पंचकर्म पॅकेजची जाहिरात बघितली, वमनासकट. घ्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दिवस मोजून बघा. वमन म्हणजे औषध देऊन उलटी करवणं, पंचकर्मांतलं एक कर्म. वमनाआधी चढत्या मात्रेने तूप पिण्याचे तीन ते सात दिवस, मग अंगाला तेल नि वाफ, मग प्रत्यक्ष वमनाचा एक दिवस, आणि नंतर पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज) असं करत जेवणावर येण्याचा संसर्जन क्रम, तोही तीन ते सात दिवसांचा. कमीत कमी धरलं तरी हे सात दिवसांत बसत नाही. यातलं तूप किंवा संसर्जन गाळलं तर पोट बिघडतं आणि अशक्तपणा आठवडेच्या आठवडे राहतो. अभ्यंग (तेलाचं मालिश) आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) पाच कर्मांत मोडत नाहीत. पॅकेजमध्ये तेवढंच असेल तर ते मालिश आहे, त्याचे पैसे मालिशच्या दराने द्या. खरंच वमन करायचं असेल तर त्या दिवशी वैद्य स्वतः हजर असणार का, नाडी आणि रक्तदाब दर थोड्या वेळाने लिहून ठेवणार का, आणि सलाइन लावायची सोय तिथेच आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर वमन करूच नका.