जुन्या बुलेटची क्लच केबल वर्षात तिसऱ्यांदा तुटते तेव्हा

तुमच्या वडिलांच्या 1988 सालच्या बुलेट 350 ची क्लच केबल वर्षभरात तीनदा तुटली, तिन्ही वेळा ती हँडलाजवळच तुटली आणि दर वेळी मेकॅनिकने नवी केबल टाकून गाडी परत दिली, असे तुम्ही लिहिले आहे. क्लचचा लिव्हर (हँडलावरचा हाताने दाबायचा दांडा) जड लागतो आणि सिग्नलला उभे असताना न्यूट्रल सापडत नाही, हेही तुम्ही सांगितले आहे. या वर्णनावरून माझे मत असे झाले आहे, की मूळ दोष केबलमध्ये नसून ती जिथे अडकवली जाते त्या लिव्हरच्या भोकात आहे. ते भोक कोणी तपासले नाही, तर चौथी केबलही त्याच जागी तुटेल. म्हणूनच ही चौथी केबल तुम्ही स्वतः, घाई न करता बसवावी असे मला वाटते.

केबल हँडलाच्या टोकाला का तुटते, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्या. आतल्या तारेच्या टोकाला धातूची एक गोळी असते, तिला मेकॅनिक लोक निपल म्हणतात. लिव्हर ओढला की तो एका वर्तुळाच्या कडेने फिरतो, पण तारेचा ओढ मात्र सरळ रेषेत असतो. त्यामुळे त्या गोळीने भोकात थोडे वळणे आवश्यक असते. भोक गंजलेले, वाळलेले किंवा झिजून लांबट झालेले असेल, तर गोळी जागची हलत नाही आणि वळण्याचे सगळे काम गोळीला लागून असलेल्या अर्ध्या इंच तारेला करावे लागते. शहरात दिवसाला शेकडो वेळा क्लच दाबला जातो. तारेचे पेड एकेक करून तुटत जातात, बाहेर आलेली टोके बोटाला टोचू लागतात आणि उरलेल्या दोन-तीन पेडांवर गाडी चालत राहते. मग ते एके दिवशी तुटतात, बहुधा चढावरच. माझ्या 1984 च्या बुलेटची केबल वरंधा घाटात अशीच गेली होती. टोचणारी तार मला आदल्या आठवड्यातच जाणवली होती आणि मी तिकडे दुर्लक्ष केले होते.

नवी केबल घेताना जुनी सोबत न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. फक्त एकूण लांबी पाहून चालत नाही. बाहेरचे कव्हर किती लांब आहे आणि ते एका बाजूला सरकवल्यावर आतली तार किती मोकळी उरते, ही दोन मापे जुळायला हवीत. हँडल बदलून उंच किंवा रुंद बसवलेले असेल, तर कंपनीच्या मापाची केबल आखूड पडते, हे दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही. वरच्या गोळीचा व्यासही तपासा. सैल गोळी भोकात तिरपी बसते आणि तीही तारेला मोडते.

जुनी केबल काढण्यापूर्वी तिचा मार्ग नीट पाहून घ्या, शक्य असल्यास मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डाव्या हाताच्या लिव्हरपासून निघून ती हँडलाच्या मानेजवळून आत जाते आणि टाकीखालून उजवीकडच्या गिअरबॉक्सपर्यंत येते. टाकी उतरवायची नसेल, तर जुन्या केबलच्या टोकाला मजबूत सुतळी बांधा आणि मगच ती ओढून काढा; मार्गात राहिलेल्या सुतळीला नवी केबल बांधून उलट ओढून घेता येते. नवी केबल सिलिंडरच्या हेडला किंवा सायलेन्सरच्या पाइपला टेकणार नाही, याची खात्री करा, कारण त्या उष्णतेने बाहेरचे प्लॅस्टिक वितळते. मानेजवळ तिला पट्टीने आवळूनही बांधू नका.

आता हँडलाकडचे काम. केबलवरचा किंवा लिव्हरजवळचा ॲडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करणारा पोकळ स्क्रू) पूर्ण आत फिरवा, म्हणजे केबलला भरपूर ढील मिळते. ॲडजस्टर, त्याचा लॉक नट आणि लिव्हरचे ब्रॅकेट या तिन्हींना एकेक खाच असते. त्या खाचा एका रेषेत आणल्या, की तार बाजूने अलगद बाहेर येते. काम संपल्यावर त्या खाचा पुन्हा वेगवेगळ्या दिशांना वळवून ठेवायच्या, नाहीतर पावसाचे पाणी सरळ केबलमध्ये उतरते.

तार निघाली की लिव्हर ज्यावर फिरतो तो पिव्होटचा स्क्रू काढून लिव्हर हातात घ्या. या पुढच्या दहा मिनिटांसाठीच मी हे सगळे लिहीत आहे. लिव्हर आणि त्याची बैठक रॉकेलने धुऊन कोरडी करा. गोळीच्या भोकातला गंज बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी फिरवून काढा, बोटाच्या टोकावर मावेल एवढे ग्रीस आत लावा आणि नवी गोळी त्यात ठेवून बोटाने फिरवून पाहा. ती अडखळल्याशिवाय फिरलीच पाहिजे. लिव्हर परत बसवून केबल जोडल्यावर तो अगदी सावकाश ओढा आणि नजर तारेवर न ठेवता गोळीवर ठेवा. गोळी वळताना दिसली तर काम झाले. गोळी जागीच राहून तार वाकताना दिसली, किंवा भोक अंडाकृती झालेले आढळले, तर लिव्हरच बदला. नव्या लिव्हरची किंमत वर्षाला तीन केबलींच्या खर्चापुढे काहीच नाही.

केबल बसवण्यापूर्वी तिला तेल द्यावे. केबल उभी टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा बांधा, त्यात पातळ तेल घाला आणि ते खालच्या टोकातून गळू लागेपर्यंत थांबा; रात्रभर ठेवले तर उत्तमच. मात्र आत नायलॉनचे अस्तर असलेल्या केबली मिळतात, त्यांना तेलाची गरज नसते. पाकिटावर तशी सूचना असेल तर ती पाळावी.

खालचे टोक गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूच्या कव्हरमध्ये जाते. तिथली छोटी झाकणी उघडण्यापूर्वी भोवतालची माती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण पुसून घ्या, कारण ती झाकणी थेट गिअरबॉक्समध्ये उघडते आणि वाळूचा कण आत पडणे परवडत नाही. आत क्लचचा छोटा लिव्हर दिसतो. एखाद्या जाड तारेचा आकडा करून तो लिव्हर धरून ठेवला, की जुनी गोळी सुटते आणि नवी अडकवता येते.

याच जागी एक ॲडजस्टिंग स्क्रू आणि त्याचा लॉक नट असतो आणि बहुतेक वेळा त्याला कोणी हात लावत नाही. जुन्या बुलेटचा क्लच डाव्या बाजूला चेनकेसमध्ये, म्हणजे इंजिनकडून येणाऱ्या चेनच्या बंद कव्हरमध्ये, असतो, तर तो दाबणारा रॉड गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून उजवीकडून डावीकडे जातो. हा स्क्रू त्या रॉडचे अंतर ठरवतो. लॉक नट सैल करून स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, तिथून साधारण अर्धा फेरा मागे फिरवा आणि स्क्रू पेचकसाने धरून ठेवत लॉक नट आवळा. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून शेवटी एकदा पुन्हा तपासा. यानंतरच केबलची ढील काढायची. लिव्हरच्या मुळाशी 2 ते 3 मिलिमीटर मोकळी हालचाल, म्हणजे तार ताणली जाण्याआधीची लिव्हरची सैल हालचाल, राहिली पाहिजे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आतला स्क्रू तसाच ठेवून सगळी कसर केबलच्या ॲडजस्टरने भरून काढली, तर आतला लिव्हर चुकीच्या कोनात काम करतो आणि हाताला जड लागतो.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी, कारण बरेच अनुभवी लोकही ती उलटी सांगतात. केबल ताणली गेली की हाताची मोकळी हालचाल वाढते, पण क्लच प्लेटा झिजल्या की ती कमी होते. झिजलेल्या प्लेटांमुळे त्यांना एकत्र दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि रॉडला उजवीकडे ढकलते. म्हणून लिव्हर काही दिवसांनी आपोआप ताठ झाला, तर केबल सुधारली असे समजू नये. मोकळी हालचाल शून्यावर आली की क्लच कायम किंचित दाबलेला राहतो, चढावर स्लिप होतो, रॉड विनाकारण घासत राहतो आणि प्लेटा जळतात. तुमचे न्यूट्रल न सापडणे याच्या उलट बाजूचे लक्षण आहे. तिथे हालचाल जास्त असल्यामुळे क्लच पूर्ण सुटत नाही.

सगळे जोडल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, सरळ आणि पूर्ण उजवीकडे असे तीन वेळा ठेवून मोकळी हालचाल तपासा. कोणत्याही एका स्थितीत ती नाहीशी होत असेल, तर केबलचा मार्ग चुकला आहे. मग मेन स्टँडवर, इंजिन बंद ठेवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबा आणि मागचे चाक हाताने फिरवा. ते थोडे जड, पण फिरले पाहिजे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटतात, अशा वेळी क्लच दाबून चार-पाच सावकाश किका माराव्यात, हा जुना नेम केबल कोणतीही असली तरी पाळावा. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, म्हणून 150 ते 200 किलोमीटरनंतर हालचाल पुन्हा मोजा.

लांबच्या प्रवासात मी दुसरी केबल जुन्या केबलच्या शेजारून, दोन्ही टोके मोकळी आणि प्लॅस्टिकने बांधलेली अशी लावून ठेवतो. रस्त्यात वेळ आली तर फक्त टोके जोडायची. तुटलेल्या तारेवर तात्पुरती बसवायची, स्क्रूने आवळायची गोळीही मिळते; ती मात्र क्लचच्या ओढीला फार टिकत नाही, ती गॅरेज गाठेपर्यंतच वापरावी.

लिव्हर जड असण्याबद्दल एक तपासणी राहिली. नवी केबल दोन्ही टोकांनी सुटी असताना तार हाताने पुढेमागे ओढून पाहा. ती सहज सरकत असेल आणि जोडल्यावर तरीही लिव्हर जड लागत असेल, तर केबलचा विषय तिथे संपतो आणि चेनकेस उघडून स्प्रिंग व प्लेटा पाहाव्या लागतील. भोकातली जुनी गोळी कशी निघाली, फिरत होती की अडकली होती, ते मला कळवा. त्यावरून लिव्हर बदलायचा की नाही हे सांगता येईल.