गळाच्या टोकाशी : वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरून धरणांचे पाणी निवळू लागले, की गळवाल्यांच्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे : मासा टोचतो, पण हाती येत नाही. म्हणून तिलाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : उजनीच्या काठावर कणकेचा गोळा लावून बसतो. बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) सारखा थरथरतो, झटका द्यावा तर गळ रिकामा. कधी कधी मासा न लागताच गोळा विरघळून जातो. सायप्रिनस (कॉमन कार्प) मिळावा अशी इच्छा आहे. काय चुकते? (इंदापूर)

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत. बोया थरथरतो, पण खाली जात नाही, तेव्हा आमिषाशी खेळणारी बहुतेक लहान चिलापी असते. उजनीत ती भरपूर आहे. तिचे तोंड छोटे, ती गोळ्याचे कण टोचून टोचून नेते आणि तुमचा मोठा गळ तिच्या तोंडात जातच नाही. चिलापीच हवी असेल तर ८ किंवा १० नंबरचा गळ आणि त्यावर गांडुळाचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा लावा. (गळाचा नंबर वाढला की आकार लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. १/० पासून पुढे मात्र उलटे.) सायप्रिनस हवा असेल तर चिलापीला टाळावे लागेल. ती जास्त करून काठाच्या उथळ पाण्यात आणि झुडपांपाशी असते, म्हणून दहा-बारा फूट खोलीवर तळाशी टाका आणि कणकेऐवजी मक्याचे दाणे वापरा. कोरडे दाणे रात्रभर, निदान बारा तास भिजवा. मग साल फुटून दाणा नखाने दबेल इतके, साधारण अर्धा-पाऊण तास उकळा. कच्चा राहिलेला दाणा गळावर टोचताना फुटतो. ४ किंवा ६ नंबरच्या गळावर दोन दाणे असे टोचा की टोक उघडे राहील.

गोळाच लावायचा असेल तर प्रमाण सुधारा. दोन वाट्या गव्हाची कणीक, एक वाटी बारीक कुटलेली शेंगदाण्याची पेंड, अर्धी वाटी मक्याचे पीठ. पाणी चमचाचमचाने घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात वीस मिनिटे झाकून ठेवा. गोळा धरून ठेवतो तो गव्हातला चिकटपणा, आणि तो मळण्याने व मुरण्याने येतो. पेंड आणि मका वासासाठी आहेत. ‘वास जास्त तर मासे जास्त’ म्हणून पेंड दुप्पट घातली की गोळा पाण्यात भुगा होतो, आणि तुमच्या पत्रातली दुसरी अडचण बहुधा तीच आहे. काही जण धरून ठेवण्यासाठी चिमूटभर पिंजलेला कापूस मिसळतात. उपाय जुना आहे आणि चालतो, पण कापूस जास्त झाला तर गळाचे टोक त्यातून बाहेर येत नाही. निघण्यापूर्वी एक गोळा पाण्याच्या ग्लासात टाकून पाहा : पंधरा-वीस मिनिटे आकार टिकावा, पण भोवती पाणी किंचित गढूळ व्हावे. दगडासारखा राहिला तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

आता मांडणी. शिसे तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) घट्ट दाबून बसवले असेल तर सायप्रिनस आमिष ओढताच त्याला वजन जाणवते. हा मासा आमिष तोंडात ओढून घेतो आणि संशय येताच तितक्याच वेगाने थुंकतो. म्हणून आरपार भोकाचे शिसे तंगुसावर मोकळे ओवा, त्याखाली छोटे स्विव्हल (दोन्ही टोकांनी फिरणारी धातूची कडी) बांधा आणि स्विव्हलपासून गळापर्यंत २५ ते ३० सेंटिमीटर बारीक तंगूस ठेवा. मासा चालू लागला की तंगूस शिशातून सरकतो आणि वजन तळाशीच राहते.

बोया ठेवायचाच असेल तर आधी खोली मोजा. गळाला जड शिसे अडकवून टाका : बोया बुडाला तर पाणी तुमच्या मापापेक्षा खोल आहे, आडवा पडला तर उथळ. मग शिशाचे दाणे असे लावा की बोयाचे टोक जेमतेम एक सेंटिमीटर वर राहील. बाजारातले जाडजूड थर्माकोलचे बोये दिसायला सोपे खरे, पण ते बुडवण्याएवढी ओढ लावण्याआधीच मासा आमिष सोडून देतो.

प्रश्न : मोठा मासा लागला की दर वेळी तंगूस गळाच्या गाठीशीच तुटतो. जास्त जाड तंगूस घ्यावा का? (नाशिक)

आधी गाठ बदला. कोरडी गाठ ओढून आवळली की घर्षणाने तापते, नायलॉन तिथेच कमजोर होतो आणि पुढे तिथेच तुटतो. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने भिजवा. पालोमार गाठ शिकायला सोपी आहे. तंगुसाचे पंधरा सेंटिमीटर टोक दुहेरी करा. दुहेरी फास गळाच्या नेढ्यातून ओवा, त्याची एक सैल साधी गाठ मारा, मग गळ त्या फासातून आरपार काढा. भिजवून दोन्ही पदर एकत्र ओढा आणि टोक तीन मिलिमीटर ठेवून कापा. पदर एकमेकांवर चढले असतील तर कापून पुन्हा बांधा.

दुसरे, शेवटचे दोन-तीन फूट तंगूस दर मोठ्या माशानंतर नखांमधून सरकवून पाहा. आपल्या धरणांच्या काठावरचा काळा पाषाण धारदार असतो. खरखर लागली की तेवढा भाग कापून टाका. फेकून देताना त्याचे तुकडे करा, पक्ष्यांच्या पायांत गुंततात. उन्हात पडलेला तंगूस वर्षाने बदललेला बरा.

तिसरे, रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की तंगूस सुटू देणारी रिळातली पकड. तंगूस सहा किलोची ओढ पेलणारा असेल तर ड्रॅग दीड ते दोन किलोच्या ओढीला सुटला पाहिजे, म्हणजे तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. हे अंदाजाने करू नका. तंगूस रॉडच्या कड्यांतून ओवून स्प्रिंगच्या ताणकाट्याला बांधा आणि रॉड वाकवून ओढून पाहा. घरी आल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटक्याझटक्याने सुटतो.

प्रश्न : नव्या स्पिनिंग रिळावर तंगूस सारखा पिळतो आणि फेकताना गुंता होतो. (पिंपरी)

ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहणे हे सर्वांत मोठे कारण. मासा तंगूस घेऊन पळतोय तोवर हँडल थांबवा. तो थांबला की रॉड वर उचला आणि खाली आणताना गुंडाळा. स्पूल (तंगूस गुंडाळायची चकरी) काठोकाठ भरू नका, दीड-दोन मिलिमीटर कड मोकळी ठेवा. फेकल्यावर बेल (रिळावरची उघडझाप होणारी तारेची कमान) हँडलने नव्हे, हाताने बंद करा. आधीच पडलेला पीळ काढायला गळ-शिसे काढून टाका, मोकळ्या मैदानात चाळीस-पन्नास मीटर तंगूस ओढत न्या आणि बोटांत धरून परत गुंडाळा. फिरता चमचा (पाण्यात फिरणारे धातूचे नकली आमिष) वापरत असाल तर आधी स्विव्हल लावा.

प्रश्न : मामा (माजी मालगुजारी) तलावात मरळ भरपूर आहे, पण रबरी बेडकावर झेप घेऊनही सुटते. दोर कोणती वापरावी? (भंडारा)

मरळ पाण्याखालून येऊन बेडकावर आदळते आणि आवाजानेच माणूस झटका देतो. तिथेच ती सुटते. बेडूक दिसेनासा झाल्यावर एक-दोन सेकंद थांबा, रॉड खाली ठेवा, वजन हाताला जाणवले की मगच जोरात ओढा. बेडकाच्या दोन्ही गळांची टोके पाठीला चिकटलेली असतात, ती पक्कडीने किंचित वर व बाहेर वाकवा. पोटात पाणी भरले की बेडूक बुडतो, म्हणून दर चार-पाच फेकींनंतर दाबून पाणी काढा.

कमळाच्या आणि शिंगाड्याच्या वेलांतून मासा बाहेर काढायचा असेल तर नायलॉन पुरत नाही. तीस ते चाळीस पौंडांची वेणीदार दोर लावा, साडेसहा-सात फुटांचा दणकट रॉड घ्या, आणि इथे ड्रॅग वर सांगितल्यापेक्षा घट्ट ठेवा. सैल सोडलात तर मरळ मुळांत शिरते आणि मग मासा, बेडूक, दोर तिन्ही गेले. जागा शोधायला शांत सकाळी पाण्यावर नजर ठेवा. मरळ हवा घ्यायला वर येते आणि एक गोल तरंग सोडून जाते. त्या जागेच्या चार-पाच फूट पलीकडे फेका, बेडूक तिच्या वरून आणा.

एक गोष्ट मात्र पाळा. पावसाळ्यात तांबड्या-नारिंगी पिल्लांचा पुंजका पाण्यावर उकळल्यासारखा हलताना दिसला, तर त्याखाली राखण करणारी मरळ असते. ती भुकेने नव्हे, पिल्ले वाचवायला बेडकावर येते. तिला काढले की पुंजका काही वेळात इतर माशांच्या पोटात जातो. तो सोपा मासा आहे, आणि म्हणूनच सोडून द्यायचा.

प्रश्न : पहाटे तळ्यात सगळीकडे मासे तोंड वर काढतात, पण एकही आमिष घेत नाही. (कोल्हापूर)

ते खात नाहीत, श्वास घेत आहेत. ढगाळ, वारा नसलेल्या रात्री शेवाळ आणि इतर जीव पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. ऊन पडून तीन-चार तास झाले किंवा वारा सुटला की पुन्हा प्रयत्न करा. अशा वेळी खाद्य फेकू नका, कुजून पाणी आणखी बिघडते.

प्रश्न : नदीत चुकून महसीर लागला तर काय करावे? (पुणे)

सोडावा. दख्खनी महसिराची संख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही. लोणावळ्याजवळ वळवणला त्याची बीजनिर्मिती होते, तर महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. सोडताना हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोट घालू नका. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस जवळून कापा. मग मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा, तो स्वतःहून शेपटी मारून निघेपर्यंत. मागेपुढे घुसळण्याची गरज नाही.

प्रश्न : गावाजवळच्या धरणावर हौसेने गळ टाकायला परवानगी लागते का? (सांगली)

बहुतेक धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून आधी त्यांना विचारा. अभयारण्यात मासेमारीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे.

प्रश्न : गळ बोटात रुतला तर? (अलिबाग)

डोळ्याजवळ, सांध्यात किंवा खोल रुतला असेल तर हात लावू नका, डॉक्टरकडे जा. वरवर रुतला असेल तर मजबूत दोराचा फास गळाच्या वाकणात घाला. नेढ्याकडचा दांडा कातडीला समांतर दाबून धरा, म्हणजे उलट काटा मांसातून सुटतो. मग दुसऱ्याने दांड्याच्या रेषेत, वर न उचलता, एकच जोराचा हिसका द्यावा. हळूहळू ओढल्याने काटा जास्त फाडतो. गळ उडून बाहेर येतो, म्हणून समोर कोणी उभे राहू नये. जखम साबणाने धुवा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते डॉक्टरांना सांगा.