पहिल्याच फेरीत तगडा प्रतिस्पर्धी
रत्नागिरीच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्याच फेरीत १८०० मानांकनाचा (मानांकन म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) खेळाडू समोर आला म्हणून खचू नका. स्विस पद्धतीत (यात कोणी बाद होत नाही, सगळे सर्व फेऱ्या खेळतात) पहिल्या फेरीत मानांकन यादीच्या वरच्या अर्ध्या भागाची गाठ खालच्या अर्ध्या भागाशी घातली जाते, एवढेच त्यामागचे कारण आहे. नवख्यांची मोठी चूक म्हणजे बरोबरीच्या आशेने मोहऱ्यांची अदलाबदल करत सुटणे, कारण मोजकी मोहरी उरल्यावर अनुभवी खेळाडू अधिकच भारी पडतो. वजीर लवकर बाहेर काढू नका, किल्लेकोट (राजाला सुरक्षित करणारी राजा-हत्तीची एकत्रित चाल) लांबवू नका.

समोरचा झटपट खेळतो म्हणून आपण घाई करू नये. मी एकदा घड्याळाकडे पाहत घोड्याला हात लावला आणि नियमानुसार तोच हलवावा लागल्याने मागचा हत्ती गमावला. चाल पक्की होईपर्यंत हात मांडीखाली ठेवलेला बरा (हसतील, हसू द्या). डाव संपल्यावर नोंदवलेल्या चाली घेऊन प्रतिस्पर्ध्याशेजारी बसा आणि आपले कुठे चुकले, ते निःसंकोच विचारा.