मंडळीत (चर्चमध्ये) नव्याने आलेल्यांसाठी: ढोंगीपणापासून सावध

बाप्तिस्म्याचा (ख्रिस्ती दीक्षेच्या स्नानाचा) दाखला हाती आला की तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, खात्री झाली, असं समजू नका. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला अध्याय ७, ओवी २१–२३ (मत्तय ७:२१–२३) सावकाश वाचा. तिथे नाकारले गेलेले लोक ख्रिस्ताच्या नावाने भुतं काढणारे आहेत, रिकामटेकडे नाहीत!

स्वतःला तपासायचं तर मत्तय ६ घ्या. दानधर्म, प्रार्थना, उपास ही तिन्ही गुप्तपणे करायला सांगितली आहेत. एक आठवडा करून बघा, कुणालाही न कळवता. सभेत दहा मिनिटं प्रार्थना करणाऱ्याला बंद खोलीत दोन मिनिटं जड जातात, तिथेच दिखाऊपणाचं दुखणं कळतं. साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, सभेत सांगताना मीठमसाला लावणं हे त्याचंच भावंड.

दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) द्याच, पण पुदिना, शेप, जिरं मोजून न्याय विसरणाऱ्यांबद्दल मत्तय २३:२३ आहे. कुणाचे पैसे बुडवले असतील तर आधी ते फेडा. जक्कय या जकातदाराने चौपट परत करायचं कबूल केलं (लूक १९:८). भावाशी वाकडं असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायचा, मत्तय ५:२३–२४.

‘हजार द्या, दहा हजार मिळतील’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आणि पडलात म्हणून लगेच ढोंगी ठरत नाही. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत त्याला तीनदा नाकारलं, तरी ख्रिस्ताने त्याला पुन्हा जवळ केलं. योहान २१ त्यासाठी वाचा.