इंग्लंडमध्ये जुना बंगला पाडून नवं घर बांधताना काउन्सिलची लेव्ही कधी भरायची, माफी कशी मिळते आणि वसुली कशी होते?

तुम्ही जुना बंगला पाडून त्याच जागेवर स्वतःला राहायला मोठं घर बांधताय. प्लॅनिंग परमिशन आलीय आणि तिच्या पाठोपाठ काउन्सिलची लायबिलिटी नोटीस, म्हणजे लेव्हीपोटी किती रक्कम देणं लागेल हे सांगणारी नोटीस. पैसे लगेच भरायचे का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच नाही. ही नोटीस म्हणजे बिल नव्हे. महाराष्ट्रात विकास शुल्क भरल्याशिवाय सहसा बांधकाम परवानगी सुटतच नाही, त्यामुळे आधी पैसे, मग कुदळ, ही आपली सवय. इंग्लंडच्या कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्हीत (नव्या बांधकामावर स्थानिक सोयीसुविधांसाठी घेतला जाणारा आकार; सगळे 'सीआयएल' म्हणतात) परवानगी आधी मिळते आणि काम सुरू झालं की पैसे देणं लागतात. काउन्सिलचं सगळं लक्ष त्या एका तारखेवर असतं, आणि घर बांधणाऱ्यांचं नुकसान होतं तेही बहुतेक त्याच तारखेच्या घोळातून.

आकारणी आधी तपासा. काउन्सिलच्या चार्जिंग शेड्यूलमधला (दरपत्रकातला) दर गुणिले वाढलेलं निव्वळ क्षेत्रफळ, आणि वर निर्देशांकाची वाढ. समजा नवं घर २४० चौरस मीटर, जुनं ११०, म्हणजे वाढ १३०. दर १५० पौंड धरला तर १९,५०० होतात. निर्देशांकाने त्याचे १.२ पट झाले तर २३,४००. लंडनमध्ये महापौरांची वेगळी लेव्ही वर लागते, तीही तिथली बरो (लंडनमधली स्थानिक काउन्सिल) गोळा करते. जुन्या ११० मीटरची वजावट मात्र आपोआप मिळत नाही. परवानगीच्या दिवशी ती वास्तू उभी असावी लागते आणि त्याआधीच्या तीन वर्षांत सलग किमान सहा महिने तिचा कायदेशीर वापर झालेला असावा लागतो. काउन्सिल टॅक्सची नोंद, विजेची बिलं, भाडेकरार, जे असेल ते जपून ठेवा. परवानगीआधीच बंगला पाडून मोकळे होणाऱ्यांना पूर्ण २४० वर आकारणी होते.

आता सेल्फ-बिल्डची, म्हणजे स्वतःला राहायला घर बांधणाऱ्याला मिळणारी माफी. यात क्रम चुकला की संपलं. आधी फॉर्म २, म्हणजे लेव्हीची जबाबदारी तुम्ही घेताय हे लिहून देणं. मग फॉर्म ७ चा पहिला भाग, माफीचा अर्ज. त्यावर काउन्सिलचा लेखी निर्णय येईपर्यंत थांबायचं. निर्णय आला की फॉर्म ६, काम सुरू करण्याची सूचना. ती काम सुरू होण्याच्या निदान आदल्या दिवशी काउन्सिलला पोचलेली हवी. अर्जाचा निर्णय येण्याआधी काम सुरू झालं तर माफी जाते. निर्णय हातात आहे पण फॉर्म ६ राहिला, तर १ सप्टेंबर २०१९ पूर्वी तेव्हाही अख्खी माफी जायची. ते फार अन्यायाचं होतं. आता त्याबद्दल फक्त अधिभार लागतो: रकमेच्या २० टक्के किंवा २,५०० पौंड, यातलं जे कमी असेल ते. वरच्या उदाहरणात २० टक्के म्हणजे ४,६८०, म्हणून २,५००.

'काम सुरू' कशाला म्हणायचं, इथे फार जण फसतात. पाया भरणं किंवा वीट रचणं लागत नाही. पायासाठी खणलेला चर किंवा जमिनीखाली टाकलेला पाइपही पुरतो, आणि पाडकामही त्यातच मोडतं. कंत्राटदाराने सोमवारचा डिगर शुक्रवारीच आणला आणि बंगल्याची एक भिंत पाडली, तर कायद्याच्या दृष्टीने काम शुक्रवारी सुरू झालं. मंजूर नकाशाबाहेर बांधून नंतर परवानगी घेणं त्याहून वाईट. अशा परवानगीच्या दिवशीच काम सुरू झाल्याचं धरतात, मग माफीचा अर्ज करायला वेळच उरत नाही.

घर पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर सहा महिन्यांत फॉर्म ७ चा दुसरा भाग द्यायचा. सोबत मालकीचे आणि तुम्ही तिथे राहता याचे पुरावे, शिवाय सेल्फ-बिल्ड वॉरंटी, व्हॅट परताव्याचा मंजूर दावा किंवा सेल्फ-बिल्ड गृहकर्ज यांपैकी एखादा कागद. पुढची तीन वर्षं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. तसं करावंच लागलं तर १४ दिवसांत कळवायचं. माफ झालेली रक्कम तेव्हा भरावी लागते.

माफी नसेल तर काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांत पैसे, किंवा काउन्सिलने हप्त्यांचं धोरण जाहीर केलं असेल तर त्याप्रमाणे. सूचना न देता काम सुरू केलंत तर ती तारीख काउन्सिल स्वतः ठरवते, हप्ते जातात आणि पूर्ण रक्कम ताबडतोब देय होते. थकबाकीवर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा अडीच टक्के जास्त व्याज चढतं. त्याशिवाय ३० दिवस, सहा महिने आणि बारा महिने उलटले की दर वेळी थकलेल्या रकमेच्या ५ टक्के किंवा २०० पौंड, जे जास्त असेल तो अधिभार. तरीही पैसे आले नाहीत तर आधी इशारा देऊन काम थांबवण्याची नोटीस निघते, आणि ती मोडणं हा गुन्हा आहे. पुढची पायरी मॅजिस्ट्रेट कोर्टाचा आदेश, मग जप्ती, घरावर बोजा. मुद्दाम न भरणाऱ्याला शेवटी तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शिवाय लेव्हीची नोंद लोकल लँड चार्जेसच्या रजिस्टरमध्ये (जमिनीवरच्या बोजांच्या सरकारी नोंदवहीत) असते, त्यामुळे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाला ती दिसतेच.

आकडा चुकीचा वाटला तर नोटिशीपासून २८ दिवसांत काउन्सिलकडे फेरतपासणी मागा. तिथे समाधान झालं नाही तर नोटिशीपासून ६० दिवसांच्या आत व्हॅल्युएशन ऑफिस एजन्सीकडे (मालमत्तेचं मूल्यांकन करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) अपील. दोन्ही करायचं ते काम सुरू होण्याआधी. सुरू झालं की हा रस्ता बंद होतो.

म्हणून कंत्राटदाराला आजच ईमेल करा: फॉर्म ६ ची पोच तुमच्या हातात पडून तुम्ही ती त्याला पाठवेपर्यंत जागेवर यंत्र आणायचं नाही, कौलसुद्धा काढायचं नाही. हेच वाक्य करारातही घाला, कारण चूक त्याची असली तरी काउन्सिल पैसे मागेल ते फॉर्म २ वर ज्याची सही आहे त्याच्याकडे.